पल्ला : जाण्याचा आणि परतण्याचा

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला वृत्तपत्रीय मराठी शिकविताना आम्ही एक परिपाठ ठेवला आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्यातली एक बातमी आणावी, तिच्यातला एकच शब्द निवडावा आणि तो शब्द त्या बातमीत नेमके काय काम करतो ते वर्गाला सांगावे. २०२५ च्या जूनअखेरीस, पाऊस धरून बसलेल्या एका सकाळी, तळीयेच्या बाजूच्या एका वाडीतून येणाऱ्या विद्यार्थ्याने चीनच्या लढाऊ विमानांची बातमी आणली. रडारला सहजी न दिसणारी चाळीस जे-३५ विमाने चीनने पाकिस्तानला देऊ केली आहेत आणि या विमानाचा पल्ला बाराशे किलोमीटर आहे, असा तिचा आशय होता. त्याने निवडलेला शब्द होता ‘पल्ला’.

बातमीसोबत त्याने शाळेतला जुना नकाशासंग्रह आणला होता. कराचीवर कर्कटकाचे टोक रोवून, प्रमाणाप्रमाणे बाराशे किलोमीटरचे अंतर घेऊन त्याने वर्तुळ काढले होते. मुंबई वर्तुळात होती, पुणे होते, महाड आणि पोलादपूरही होते. तळीये हे नाव अशा नकाशात असण्याचा प्रश्नच नव्हता. तिथे त्याने स्वतः शाईचा ठिपका दिला होता. कराचीपासून तो ठिपका सरळ रेषेत सुमारे हजार किलोमीटरवर पडतो. “सर, म्हणजे आपण पल्ल्यात आहोत,” तो म्हणाला. मागच्या बाकांवर थोडे हसू उमटले, आणि ते लवकरच विरले. त्याने ते वाक्य भीतीने उच्चारले नव्हते आणि फुशारकीनेही नव्हते. एक मोजमाप सांगावे तसे त्याने ते सांगितले होते.

शब्दाचा हिशेब मागणाऱ्या आम्हाला त्या दिवशी तो हिशेब देता आला नाही. पुढच्या तासाला बोलू, असे सांगून आम्ही सुटका करून घेतली. पुढे आठवडाभर जे वाचले आणि आठवले, ते येथे मांडीत आहोत.

अंतराच्या बाबतीत मराठी मुळीच दरिद्री नाही. मजल आहे, ती चालणाऱ्याच्या पायांनी आणि मुक्कामाने ठरते. टप्पा आहे, बंदुकीच्या टप्प्यात सावज येते आणि एसटीच्या भाड्याचा टप्पा सहा किलोमीटरांचा असतो. आवाका आहे, तो माणसाच्या बुद्धीलाही लावता येतो आणि खिशालाही. पल्ला या शब्दाची तऱ्हा थोडी निराळी. वस्त्राच्या टोकाला पल्ला म्हणत, धान्याच्या एका मापालाही पल्ला म्हणत, आणि दूरवरच्या अंतराला तर आपण आजही लांबचा पल्ला म्हणतो. पल्ला ‘गाठायचा’ असतो. या क्रियापदातच त्या शब्दाची दिशा ठरून गेली आहे : इथून तिथे, या टोकाकडून त्या टोकाकडे. गाठल्यावर पुढे काय, याबद्दल शब्द मुका आहे.

या मुकेपणामुळेच वृत्तपत्रांना तो सोयीचा वाटत असावा. ‘अग्नी-५’ या क्षेपणास्त्राचा पल्ला पाच हजार किलोमीटरहून अधिक, असे आपण वाचतो आणि ते वाक्य बिनचूक असते. क्षेपणास्त्राला परतायचे नसते. जिथे पडेल तिथे त्याचा पल्ला संपला. पण त्याच पानावर, त्याच शब्दात, विमानाचाही पल्ला दिलेला असतो. विमानात माणूस बसलेला असतो आणि त्याला परत यायचे असते. एकाच शब्दाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी मोजतो आहोत, हे आमच्या लक्षात यायला एका विद्यार्थ्याचे कर्कटक लागले, हे कबूल केले पाहिजे.

या बाबतीत आमचे पहिले गुरू आमचे थोरले मामा. हवाई दलात ते जमिनीवरच्या कामाला होते; मिग-२१ विमानांत इंधन भरणे आणि टाक्या जोडणे-उतरविणे यांत त्यांची उमेदीची वर्षे गेली. ही विमाने आपल्याकडे १९६३ पासून होती, नाशिकजवळच्या ओझरला ती परवान्याखाली बांधली जात, आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला त्यांना निरोप दिला गेला. मिग-२१ वेगाला पुरे, पण पोटाला लहान. मामा सुट्टीवर आले की आम्ही मुले विचारीत असू, तुमचे विमान कुठवर जाते? त्यावर ते चुडीची गोष्ट सांगत. गावाकडे वीज नव्हती तेव्हा रात्री परगावी जाताना हातात चूड घेत. “चूड पुरी जळेपर्यंत चाललास तर काळोखात उभा राहशील. अर्धी जळली की मागे फिरायचे. वाटेत वारा असला, ओढ्याला पाणी असले, तर अर्धीच्याही आधी. आणि जिथे गेलास तिथे पाचदहा मिनिटे उजेडात काम करायचे असेल, तर ती चूड आधीच वजा कर.” मामांना इंग्रजी शब्द ठाऊक होता, पण आम्हाला कळली ती चूड.

लढाऊ विमानाच्या बाबतीत हिशेब नेमका असाच आहे. रिकामे विमान इंधनाने भरून एका तळावरून दुसऱ्या तळावर न्यायचे असेल, तर ते जे अंतर कापते तो एक आकडा. तो नेहमी मोठा असतो. शस्त्रे लादून निघणे, लक्ष्यापर्यंत जाणे, तिथे काही मिनिटे झुंजणे, परत येणे, आणि आपल्या धावपट्टीवर उतरता आले नाही तर दुसरी शोधण्यापुरते इंधन शिल्लक ठेवणे, हे सगळे धरून जे अंतर उरते तो दुसरा आकडा. या दुसऱ्याला लढाऊ त्रिज्या म्हणतात. ती पहिल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी भरते. झुंजीत वेग वाढविण्यासाठी इंजिनाच्या मागच्या ज्वाळेत जादा इंधन जाळावे लागते, आणि तेव्हा ते नेहमीच्या कित्येक पट वेगाने संपते. उंचावरून, विरळ हवेतून गेले तर त्रिज्या वाढते. रडार चुकविण्यासाठी जमिनीलगत गेले तर झपाट्याने घटते. म्हणजे त्रिज्या हा विमानाचा अंगभूत गुण मानता येत नाही. ती एका विशिष्ट दिवसाच्या विशिष्ट कामगिरीची असते, आणि जाहिरातीत छापतात तो त्यांतल्या सर्वांत बऱ्या दिवसाचा आकडा.

रडारला न दिसण्याची किंमतही इथेच मोजावी लागते. मिग-२१ च्या पोटाखाली मामा जादा टाकी जोडीत, आणि गरज संपली की वैमानिक ती हवेतच टाकून देई. अदृश्य राहू पाहणाऱ्या विमानाला ही चैन नाही. बाहेर लटकणारी टाकी किंवा क्षेपणास्त्र रडारचे किरण परत पाठविते आणि सगळे सोंग उघडे पडते. म्हणून शस्त्रे पोटात, इंधनही पोटात. जेवढे आत मावेल तेवढेच. अमेरिकेच्या एफ-३५ चे उदाहरण बोलके आहे. त्याच्या साध्या आवृत्तीचा अंतर्गत इंधनावरचा पल्ला सुमारे बावीसशे किलोमीटर आणि लढाऊ त्रिज्या सुमारे १,०९३ किलोमीटर सांगतात. त्याच विमानाची उभ्याने उतरणारी आवृत्ती घेतली की त्रिज्या सुमारे ८३३ किलोमीटरवर येते, कारण उभ्याने उतरविणाऱ्या पंख्याने इंधनाची जागा खाल्लेली असते. हवेत इंधन भरून घेता येते हे खरे. पण ते भरणारे टँकर विमान अवजड, संथ आणि दुरून दिसणारे असते. लपून जाणाऱ्याने वाटेत ढोलताशा थांबवून ठेवावा, तसा तो प्रकार.

आता जे-३५ कडे वळू. चीनची दोन विमाने या जातीची आहेत. थोरले जे-२०, ते ११ जानेवारी २०११ रोजी प्रथम उडाले आणि चीनने ते अद्याप कोणाला विकलेले नाही. धाकटे एफसी-३१ या नावाने ३१ ऑक्टोबर २०१२ रोजी उडाले, तेही रशियन इंजिनांवर. त्याचीच वाढलेली आवृत्ती जे-३५ए या नावाने नोव्हेंबर २०२४ मध्ये झुहाईच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. बाराशेच्या आसपासचा जो आकडा आपल्या वृत्तपत्रांत फिरतो, त्याचे मूळ झुहाईलाच २०१४ साली मांडलेल्या माहितीत आहे. तिथे तो लढाऊ त्रिज्या म्हणून दिलेला होता. आमच्या विद्यार्थ्याच्या बातमीत त्याचा ‘पल्ला’ झाला. वाचणाऱ्याने पल्ला या शब्दाचा साधा अर्थ घेतला आणि जाऊन-येऊन म्हणून अंतर निम्मे केले, तर वर्तुळ सहाशे किलोमीटरचे होते. मग त्यात पोलादपूर येत नाही आणि मुंबईही येत नाही, कारण कराची ते मुंबई हे अंतर पावणेनऊशे किलोमीटरच्या पुढे आहे. आकडा त्रिज्येचा मानला, तर दोन्ही वर्तुळात येतात. मुंबई वर्तुळाच्या आत की बाहेर, हे एका भाषांतरकाराने रात्रपाळीत निवडलेल्या शब्दावर ठरावे, ही गोष्ट भाषा शिकविणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

शिवाय हा आकडा विक्रेत्याने सांगितलेला आहे. जून २०२५ मध्ये पाकिस्तान सरकारने चाळीस विमानांच्या देकाराची गोष्ट स्वतः जाहीर केली. आणि त्याच महिन्यात त्यांच्या संरक्षणमंत्र्यांनी एका मुलाखतीत, हे सारे माध्यमांतच आहे आणि चिनी मालाच्या खपाला ते बरेच आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. शस्त्रबाजारातले हे दुर्मिळ स्पष्टवक्तेपण. स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ या संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २०२० ते २०२४ या काळात पाकिस्तानच्या शस्त्र-आयातीपैकी ८१ टक्के चीनकडून आली, आणि चीनच्या शस्त्र-निर्यातीपैकी ६३ टक्के एकट्या पाकिस्तानला गेली. गिऱ्हाईक दुकानाला बांधलेले आणि दुकानही गिऱ्हाइकाला बांधलेले. अशा नात्यात विक्रेता आपला उत्तम माल देतोच असे नाही. निर्यातीच्या वस्तूच्या नावापुढे एक जादा अक्षर लागते. जे-३५ए चे जे-३५एई होते. पीएल-१५ या क्षेपणास्त्राचे पीएल-१५ई. मे २०२५ मधील चार दिवसांच्या संघर्षात ज्याचे अवशेष पंजाबात होशियारपूरजवळ सापडले ते हेच. निर्यातीच्या आवृत्तीचा पल्ला १४५ किलोमीटर सांगितला जातो. चीन स्वतःसाठी ठेवतो त्याचा याहून बराच अधिक असल्याचे मानले जाते. विक्रेता पल्लाही कापून विकतो. विकलेल्या विमानाचे सुटे भाग, त्याची संगणकीय आज्ञावली, त्याची दुरुस्ती हे सारे त्याच्याच हातात राहते, आणि त्यामुळे त्याचा स्वतःचा पल्ला मात्र खरेदीदाराच्या तळापर्यंत पोचलेला असतो.

शस्त्रविक्रीची ही कथा आमच्या तालुक्याला परकी नाही. महाडच्या वायव्येला पाचएक किलोमीटरवर सोनगड नावाचा एक छोटा किल्ला आहे. आज तिथे पाहण्याजोगे फार नाही. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतील इंग्रज त्याच्या मदतीला तोफगोळे घेऊन गेले. हेन्री रेव्हिंग्टन हा त्यांचा प्रमुख. माल विकून ते थांबले नाहीत. आपले निशाण उभारून त्यांनी गडावर स्वतः मारा केला. शिवाजी महाराज वेढ्यातून निसटले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी राजापूर गाठले. रेव्हिंग्टन आणि त्याचे सहकारी कैद झाले, आणि त्यांच्या बंदिवासाचा काही काळ याच सोनगडावर गेला. १६६३ च्या आरंभी त्यांची सुटका झाली. मधल्या काळात त्यांनी सुरतेच्या आपल्या वरिष्ठांकडे गाऱ्हाणी केली. उत्तर आले ते असे, की तुम्ही कंपनीचा माल राखताना पकडले गेलेला नाहीत; इंग्रजांचे म्हणून ओळखले जाणारे निशाण लावून पन्हाळ्यावर गोळे फेकल्याबद्दल तुम्ही हे भोगीत आहात.

हा प्रसंग आम्ही पूर्वी कैकदा शिकविला होता, तो महाराजांच्या करारीपणाचा दाखला म्हणून. या वेळी वाचताना वेगळेच दिसले. रेव्हिंग्टनची चूक एवढीच, की तो आपल्या तोफगोळ्याबरोबर स्वतः गेला आणि म्हणून दुसऱ्याच्या पल्ल्यात आला. सुरतेच्या वरिष्ठांनी तिथे बसूनच हात झटकले. पुढच्या साडेतीनशे वर्षांत शस्त्रे विकणाऱ्यांनी या प्रसंगातला धडा पुरता पाळला आहे : माल पाठवावा, आपण जाऊ नये. आज विमाने बनविणाऱ्याचा एकही माणूस सोनगडासारख्या जागी दिवस काढताना दिसणार नाही. ज्यांना परत यायचे असते किंवा यायचे राहून जाते, ते वेगळे लोक असतात.

त्या लोकांचाही इतिहास इथलाच आहे. तानाजी मालुसरे पोलादपूर तालुक्यातल्या उमरठचे. फेब्रुवारी १६७० मध्ये ते सिंहगडावर गेले. गड हाती आला आणि ते गेले. त्यांचे शव ज्या वाटेने कोकणात उतरविले, त्या घाटाला मढे घाट म्हणतात, असे परंपरा सांगते; उमरठला त्यांची समाधी आहे. सिंहगड घेण्याची कथा आपण चढणीपर्यंत सांगतो. शव खांद्यावर घेऊन घाट उतरणाऱ्यांची वाट आपल्या पोवाड्यांच्या आणि पाठ्यपुस्तकांच्या पल्ल्याबाहेर राहिली. तिची आठवण ठेवली ती फक्त एका घाटाच्या नावाने. लढाऊ त्रिज्येत परतीचे अंतर धरतात, हे ज्या गावांनी माणसे पाठविली त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. महाड तालुक्यातलेच फौजी आंबवडे घरटी सैनिकासाठी ओळखले जाते. पहिल्या महायुद्धानंतर देशभरच्या अशा गावांतून इंग्रजांनी शिलालेख बसविले. त्यांचा मजकूर बहुतेक ठिकाणी सारखाच असतो : या गावातून इतके पुरुष महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतके कामी आले. दोनच आकडे. दुसरा पहिल्यातून वजा केला की उरते ती परत आलेल्यांची संख्या, आणि ती मात्र कुठेच कोरलेली नसते.

परतीची वेळ ओळखणे हा शौर्याचाच भाग आहे, हेही आपल्याच इतिहासात आहे. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत चार दिवस लुटली, आणि मोगलांची कुमक येत असल्याची वार्ता लागताच १० जानेवारीला ते निघाले. शहर अजून पुरते रिकामे झाले नव्हते. पण लूट लादलेल्या जनावरांचा वेग कमी असतो आणि राजगड तीनशे किलोमीटरच्या आसपास दूर होता. मामांच्या भाषेत, चूड अर्धी जळली होती.

आता ज्या ठिपक्यापासून हे सुरू झाले, त्या ठिपक्याकडे. २२ जुलै २०२१ रोजी तळीयेच्या कोंढाळकर वाडीवर डोंगर कोसळला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या दिवशी सावित्री आणि गांधारी यांच्या पुराने महाड शहर पाण्याखाली होते, रस्ते तुटले होते, आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान वाडीत पोचायला दुसरा दिवस उजाडला. तोवर आसपासच्या वाड्यांतले लोक हातांनी आणि फावड्यांनी माती उपसत होते. चार दिवसांनी शोध थांबविण्यात आला आणि जे सापडले नाहीत त्यांना मृत मानण्यात आले.

हजार किलोमीटरवरच्या शत्रूच्या विमानाला जे गाव पल्ल्यात आहे, ते वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावाला, एसटीच्या हिशेबाने चार टप्प्यांवरच्या महाडला, त्या रात्री पल्ल्याबाहेर होते. हे वाक्य आम्ही आधी टाळीसाठी लिहिले आणि नंतर खोडायला निघालो. तुलना सोपी आहे, आणि सोपी म्हणूनच तिच्यावर भरवसा ठेवू नये. हेलिकॉप्टरांचा पल्ला त्या दिवशी कमी नव्हता. नौदलाची आणि तटरक्षक दलाची हेलिकॉप्टरे महाडच्या पुरात कामाला होती. कागदावर मुंबई ते तळीये हे अंतर त्यांना काहीच नाही. पण ढग डोंगराला टेकलेले, पाऊस उघडायला तयार नाही, उतरायला सपाट जागा नाही, खाली रस्त्यावर पुरुषभर पाणी. आकडा तोच राहिला आणि पल्ला शून्यावर आला. तेव्हा आम्ही वाक्य ठेवले, पण त्याचा अर्थ बदलला. लढाऊ विमानाच्या त्रिज्येबद्दल जे म्हटले, की ती एका दिवसाची असते, तेच मदतीच्या पल्ल्याबद्दलही खरे आहे. फरक एवढाच की विमानाची त्रिज्या काढणारे आधीच वारा, उंची, वजन आणि परतीचे इंधन वजा करून बसतात. डोंगराच्या कुशीतल्या वाडीपर्यंत मदतीचा पल्ला किती, हे मोजताना आपण मोकळ्या दिवसाचा आणि कोरड्या रस्त्याचा आकडा घेतो, आणि दरडी तर जुलैत कोसळतात.

पुढच्या तासाला आम्ही फळ्यावर ‘पल्ला’ हा शब्द लिहून त्याखाली दोन रकाने आखले : जाण्याचा आणि परतण्याचा. पहिल्या रकान्यासाठी मुलांनी भराभर वाक्ये दिली. दुसऱ्या रकान्यासाठी मराठीत तयार शब्दप्रयोग सापडेनात. कोणी ‘परतीचा पाऊस’ सुचविला, कोणी ‘माघार’. माघार म्हणजे हार, यावर थोडा वादही झाला. एका मुलीने ‘जाऊन येते’ सुचविले. घरातून निघताना आपल्याकडे ‘जाते’ म्हणू देत नाहीत, ‘येते’ म्हणायला लावतात, असे ती म्हणाली, आणि त्या तासातले सर्वांत नेमके उत्तर तेच होते. लढाऊ त्रिज्येची व्याख्या आमच्या आयाबायांनी उंबरठ्यावर केव्हाच करून ठेवली होती. कोशात तिची नोंद तेवढी राहिली होती.

तास संपल्यावर नकाशावाला विद्यार्थी मागे थांबला. वर्तुळ चुकले का, असे त्याने विचारले. आकडा त्रिज्येचा असेल तर चुकले नाही, आम्ही म्हणालो. पण ते वर्तुळ चांगल्या हवेचे आहे. त्याने मान डोलावली आणि मग न विचारताच सांगितले, की त्या रात्री त्याचे वडील महाडच्या एमआयडीसीत कामावर अडकले होते. फोन लागत नव्हते. डोंगर आला एवढेच कोणीतरी सांगितले. कुठल्या वाडीवर, ते सांगितले नाही. ते संध्याकाळी निघाले. रस्ता पाण्यात होता म्हणून वरच्या अंगाने, रानातून, ओढे टाळीत चालत राहिले आणि फटफटताना घरी पोचले. त्यांची वाडी शाबूत होती. त्यांनी दारातून सगळ्यांची तोंडे मोजली, पाणी प्यायले, आणि फावडे घेऊन तसेच कोंढाळकर वाडीकडे गेले.

“किती अंतर पडलं असेल रे त्यांना?” आम्ही विचारले.

“मोजलं नाही, सर,” तो म्हणाला. “रात्रभर लागली.”

नकाशासंग्रह त्याने पिशवीत घातला. बाहेर पाऊस वाढला होता आणि त्याची एसटी चुकण्याची वेळ झाली होती. “येतो, सर,” असे म्हणून तो गेला.